थांबायला जागा

आबांनी मागे वळून बघितलं नाही. बाकी सगळ्यांनी बघितलं. पोटाशी गाठोडं धरलेल्या, आमच्या कारखान्यातल्या कारभारीने तर इतक्या वेळा बघितलं की शेवटी तो रेलिंगला धडकला. माझे वडील मात्र भर ऑक्टोबरच्या उकाड्यात लोकरीचा निळा स्वेटर घालून, नवी चाकांची बॅग ओढत, फक्कीने आखलेल्या रेषेवरून सरळ चालत गेले. काउंटर म्हणून मांडलेल्या खोक्यांपाशी त्यांनी तिकीट म्हणून दिलेला कागदाचा कपटा दाखवला आणि ते भिंतीपलीकडे गेले. खऱ्या इमारतीत ही भिंत काचेची असणार होती. इथे लाकडी चौकटीवर ताणलेला जाड प्लॅस्टिकचा कागद होता. त्यातून आबा आधी आबांसारखे दिसले, मग कुणाही म्हाताऱ्यासारखे, मग नुसता एक निळा डाग. मी नकळत एक पाऊल पुढे झाले. व्हायचं काही कारण नव्हतं. पलीकडे विमान नव्हतं. शेडचं मागचं दार होतं, दाराबाहेर आमच्या कंपनीच्या भंगाराचा ढीग होता आणि त्यापुढे सामरवरणी गावची पिवळी पडत चाललेली भातं. आबा तिथून वळसा घालून चहाच्या टेबलापाशी येणार होते. तरी मी पेन धरून तशीच उभी राहिले, आणि सुरेशने शिट्टी वाजवली तेव्हा दचकले.

सिल्वासात विमानतळ नाही, आणि होईल असं इथे कुणाच्या स्वप्नातही नाही. वापीला उतरायचं, जीपमध्ये स्वतःला कोंबायचं आणि धूळ खात यायचं, एवढाच इथला प्रवास. पण कर माफ म्हणून एकामागून एक कारखाने आले, त्यांतच आमचाही आला, आणि यंदा दक्षिणेतल्या एका शहराच्या नव्या विमानतळासाठी खुर्च्या, रेलिंगं आणि सामानाच्या ढकलगाड्या करायचं काम आम्हाला मिळालं. सुरेश, म्हणजे माझा नवरा, तिथे उत्पादन बघतो आणि मी नकाशे काढते. मुंबईहून या कामावर देखरेख करणारे एक साहेब येत. त्यांचं म्हणणं, कागदावर सगळंच छान दिसतं, एकदा खऱ्या मापाचं उभं करा आणि माणसं चालवून बघा. म्हणून सुट्टीच्या दिवशी शेड रिकामी केली, जमिनीवर फक्की मारली, खोकी आणि चौकटी मांडल्या, आणि आमचे कामगार बायकापोरांसकट प्रवासी झाले. जेवणात पुरीभाजी आणि जिलबी असल्यामुळे प्रवाशांचा तुटवडा पडला नाही. बॅगांना वजन यावं म्हणून सुरेशने त्यांत भंगाराचे तुकडे भरले. एक वयस्क प्रवासीही हवा होता. "आबा आहेत की," सुरेश म्हणाला. आणि आबा चक्क खूश झाले. "बरंच झालं," म्हणाले, "माझी रंगीत तालीम होईल." कारण पुढच्या आठवड्यात ते खरोखरच निघणार होते. माझ्या भावाकडे, चिन्मयकडे, अमेरिकेला. आणि कायमचे.

'कायमचे' हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारला नव्हता. चिन्मय फोनवर म्हणाला होता, "आबा, आता इकडेच या, सगळी कागदपत्रं झाली." आबा म्हणाले होते, "वर्षूला विचारतो." आणि फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं नाही. सांगितलं. "चिन्मय बोलावतोय," एवढंच म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. मी कुकरचं झाकण लावत होते. मला वाटलं, त्यांना जायचंय. दोन खोल्यांच्या या ब्लॉकमध्ये, बाहेरच्या दिवाणावर झोपून, पाळ्यांचे भोंगे ऐकत कोण आनंदात राहील? मी म्हटलं, "छानच आहे की. तिकडे हवाही चांगली." असं बोलले आणि दुसऱ्याच दिवशी उत्साहाने वापीला जाऊन त्यांच्यासाठी बॅग घेऊन आले. मग आबाही उत्साहाने स्वेटर घेऊन आले. सिल्वासाच्या बाजारात लोकरीचा स्वेटर कुठून मिळाला, देव जाणे. मग आम्ही दोघं उत्साहाने एकमेकांना गोष्टींची आठवण करून देत राहिलो. चष्म्याची दुसरी जोडी, दाताची पावडर, पंचांग. इतका उत्साह आमच्या घरात दिवाळीतही नसतो. सुरेश एकदा म्हणालासुद्धा, "तुम्ही दोघं काय पिकनिकला चाललाय?" त्यावर आम्ही दोघं हसलो, आणि हसून झाल्यावर दोघांनी दोन दिशांना बघितलं.

चहाच्या टेबलापाशी आबा कपबशी धरून उभे होते. कपाळावरून घाम निथळत होता. "स्वेटर काढा आता," मी म्हटलं. "असू दे गं, सवय व्हायला हवी," ते म्हणाले. "आणि ही चाकांची बॅग मजेदार आहे. कुत्रं फिरवायला नेल्यासारखं वाटतं." मी त्यांना विचारणार होते की तुम्ही मागे का बघितलं नाहीत. पण हे विचारायचं तरी कसं? नाटकात कुणी असं विचारतं का? तेवढ्यात साहेबांनी मला बोलावलं. ते खुशीत होते. "मॅडम, फ्लो उत्तम आहे," म्हणाले. "माणूस कुठे अडत नाही. फक्त ही एक जागा बघा." त्यांनी बोट दाखवलं. रेलिंग जिथे भिंतीकडे वळतं तिथे एक कोपरा राहिला होता, दोन माणसं उभी राहतील एवढा. तिथे तानूबाई उभी होती. कारभारीची बायको. नवऱ्याला पोचवायला आलेली बाई असं तिचं काम होतं. दारापाशी थांबून तिने परत फिरायचं होतं. पण तिला ते दार काही केल्या मानवत नव्हतं. ती रेलिंगला धरून नवऱ्याच्या बरोबरीने चालत त्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच खुंट्यासारखी उभी राहिली. मागची रांग खोळंबली. शिवाय फक्की विस्कटली म्हणून ती आवरायला आलेल्या माणसाच्या हातातला झाडू तिने धरून ठेवला होता. "आठे झाडू नको मार," ती तिच्या खानदेशी बोलीत त्याला दरडावत होती, "माणूस आताच गया. त्याला पोचू दे तरी!" बाकीच्या बायका हसत होत्या. कारभारी शेडच्या पलीकडे जिलबी खात होता.

"हा कोपरा भरून टाका," साहेब म्हणाले. "थांबायला जागा दिली की लोक थांबतात." मी मान डोलावली. कारण हे वाक्य माझंच होतं. कॉलेजात शेवटच्या वर्षी मी विमानतळाचा प्रकल्प केला होता, आणि सर्वांपुढे उभं राहून ठासून सांगितलं होतं की चांगल्या इमारतीत माणूस पाण्यासारखा वाहिला पाहिजे, त्याला विचार करायची वेळच येता कामा नये. आमच्या खुर्च्याही मी त्याच हिशेबाने काढल्या आहेत. बैठक पुढच्या बाजूला अगदी जराशी उतरती आहे. बसणाऱ्याला कळत नाही, पण काही वेळाने त्याला आपणहून उठावंसं वाटतं. सुरेशला ही युक्ती फार आवडली होती. मलाही अभिमान होता. कुणी विचारलं असतं की एवढी ओढ या वाहण्याची कुठून आली, तर मी सांगितलं असतं, आबांकडून. आबा नाशिकच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. शाळा सुटली की मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसे. जाळीच्या खिडकीतून सगळा स्टँड दिसायचा. डिझेलचा आणि भिजलेल्या गोणपाटाचा वास यायचा. आबा माइकपाशी तोंड नेत, घसा साफ करत आणि घरच्यापेक्षा निराळ्या, गंभीर आवाजात म्हणत, "धुळ्याकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे." की लगेच इकडची माणसं तिकडे सरकायची. मला वाटायचं, माझ्या वडिलांच्या आवाजाने जग हलतं. स्वतः आबा मात्र कधीच कुठे गेले नाहीत. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या.

त्यांचा एक नेम होता. गाडी हलली की माइक बंद. मागे कुणाची पिशवी राहो, कुणाचं पोर राहो, कंडक्टरला शिट्टी मारायला माणूस धाडतील, पण सुटलेल्या गाडीला माइकवरून बोलावणार नाहीत. डेपो मॅनेजर यावरून त्यांची टिंगल करायचे. "मागून हाक मारू नये," एवढंच आबा म्हणायचे. घरातही तेच. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. मारलीच चुकून, तर त्याने परत घरात यायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि मग नव्याने निघायचं. आईने त्यांना कितीदा तरी डब्यासाठी असं परत बसवलं असेल. ते कामाची घाई असताना चपला काढून, खुर्चीत बसून, घोट घोट पाणी पीत आणि आई पदरात हसू दाबत उभी राहायची. लहानपणी मला वाटे, आई मुद्दामच डबा विसरते.

आईच्या वेळी मात्र हाक माझ्या ओठांवर होती. दवाखान्याचा लांब बोळ होता, चकचकीत, फिनेलच्या वासाचा. आज मी तो बोळ वास्तुकार म्हणून बघू शकते. उत्तम बोळ होता. कुठे वळण नाही, अडथळा नाही, चाकं घसरत जावीत असा. आईला ढकलगाडीवरून नेत होते. तिचा पाय चादरीतून बाहेर आला होता आणि अंगठा थंडीने आखडलेला दिसत होता. मला एवढंच सांगायचं होतं की कुणीतरी तिचा पाय झाका. मी "आ" केला, आणि आबांनी माझा हात दाबला. "मागून नको," ते पुटपुटले. "नीट जाऊ दे तिला." रबराच्या कडा असलेली दोन दारं होती. ती उघडली आणि मिटली, आणि मिटल्यावरही थोडा वेळ आत-बाहेर हलत राहिली. आई त्या दारांतून परत आली नाही. हाक मारली असती तर आली असती असं नाही. मी काही वेडी नाही. पण ती हाक कुठे गेली नाही. इतकी वर्षं ती इथेच आहे, घशाच्या खाली, आणि आज तो निळा डाग बघताना ती पुन्हा वर आली. त्या प्रसंगानंतर आबा माझ्याकडे आले, सिल्वासात. पहिले काही महिने रोज संध्याकाळी दमणगंगेच्या पुलावर जाऊन उभे राहायचे आणि ट्रक बघायचे. मग हळूहळू गुजराती पेपर वाचायला शिकले. भाजीवालीशी घासाघीस करायला लागले. सकाळी मी निघताना दारात उभे राहायचे. मी जिन्याच्या वळणावर पोचेपर्यंत दार लागल्याचा आवाज येत नसे. त्या न वाजलेल्या दाराच्या आधारावर मी दिवसभर उभी असे, हे मला आजवर कळलं नव्हतं. मला आबा हवे होते. त्यांची सोय व्हावी म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणूनही नव्हे. मला ते माझ्यासाठी हवे होते, आणि हे त्यांना सोडून मी कुणालाही सांगू शकले असते.

सुरेशच्या माणसांनी कोपऱ्यात खोकी रचून तो भरून टाकला. आता रेलिंग सरळ भिंतीला भिडलं. तानूबाई त्या खोक्यांकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "ताई, मग मी कथा उभी राहू?" मी तिला उभं राहायची जागा, म्हणजे दार दाखवलं, तिकडे लांब. "तठून त्याचं तोंड कसं दिसेल?" ती म्हणाली. "पाठच दिसेल ना." पाच वर्षं शिकले आणि एवढी वर्षं नकाशे काढले, पण पोचवायला आलेल्या माणसाचं काय करायचं हे माझ्या कुठल्याच नकाशात नव्हतं. त्याला मी दारापाशीच पुसून टाकलं होतं. सुरेशने शिट्टी वाजवली. दुसरा राउंड सुरू झाला.

या वेळी सगळं खरोखर पाण्यासारखं वाहिलं. कुणी कुठे अडलं नाही. कारभारीला वळून बघायचं होतं, पण मागून रेटा इतका सुरळीत होता की तो बघायच्या आत पलीकडे गेला. साहेब हसत होते. आणि मग आबा आले. निळा स्वेटर, हातात बॅगेचा दांडा. काउंटरपाशी त्यांनी कपटा दाखवला. पुढे सरकले. मी बघितलं, जिथे मघाशी कोपरा होता तिथे त्यांची पावलं किंचित मंदावली. तेव्हा मला कळलं की मघाशीही ती मंदावली असणार. ते तिथे वळणार होते, आणि तानूबाई तिथे उभी होती. आता तिथे खोकी होती. आबांनी खोक्यांकडे बघितलं आणि मान खाली घालून ते पुढे चालायला लागले. प्लॅस्टिकपलीकडे आधी बॅग गेली. मग त्यांचा खांदा धूसर झाला.

"आबा!"

शेड केवढी मोठी आहे हे मला तेव्हा कळलं. माझा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. साहेब वळले, सुरेश वळला, रांगेतली माणसं जागच्या जागी थांबली. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. प्लॅस्टिकमागचा निळा डाग हलायचा थांबला. क्षणभर वाटलं, ते पुढे जातील, हे नाटक आहे म्हणून सोडून देतील. मग तो डाग मोठा होत आला आणि आबा, ज्या दारातून फक्त पलीकडे जायचं होतं त्याच दारातून, उलटे बाहेर आले. समोरून येणाऱ्या माणसांच्या पोटांत शिरत, "जरा सरका, सरका भाऊ," करत, फक्कीच्या सगळ्या रेषा चपलांनी पुसत ते माझ्यापाशी आले. त्यांना धाप लागली होती.

"मागून हाक मारलीस," ते म्हणाले.

"हो."

"काही राहिलं का माझं?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

"वर्षा, राउंड चालू आहे," सुरेश हळूच म्हणाला. पण माझं तोंड बघून त्याने शिट्टी खिशात टाकली. तानूबाई पुढे आली होती. "हाक मारी ना? मग बाबाले बसवा आधी," तिने सगळ्यांना सुनावलं. "पानी द्या. असं कसं जाईल तो?" आणि ती स्वतःच माठाकडे निघाली. मी आबांच्या हातातली बॅग घेतली. घेतली आणि माझा हात एकदम वर आला, कारण बॅग रिकामी होती. ही बॅग सुरेशने भरली नव्हती. "माझी भरलेलीच आहे," असं आबांनी त्याला सकाळी सांगितलं होतं. कित्येक दिवस ती दिवाणाशेजारी कुलूप लावून उभी होती आणि रोज झाडताना मी तिला वळसा घालत होते.

"आबा, यात काहीच नाही."

"नाही," आबा म्हणाले. "भरायला घेतली की वाटायचं, तू काहीतरी म्हणशील. मग उद्या भरू म्हणायचो." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तू काही म्हणाली नाहीस."

"मला वाटलं तुम्हाला जायचंय."

"मला वाटलं तुला सुटायचंय."

असं साधं होतं ते. इतके दिवस आम्ही दोघं एकमेकांना वाट करून देत होतो, आणि ती वाट इतकी सुरळीत झाली होती की त्यात थांबायला कुणालाच जागा राहिली नव्हती. "आबा, जाऊ नका," मी म्हटलं. सगळ्यांदेखत म्हटलं, साहेबांदेखत, आणि माझा आवाज लहान मुलीसारखा फुटला. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात घामाने ओला होता.

"हे आधी नाही का सांगायचं?" ते म्हणाले. "मी स्वेटर घेतला ना."

मी रडता रडता हसले. तानूबाईने पाण्याचा पेला आणला. आबांनी आजूबाजूला बघितलं, माझ्या खुर्च्यांची रांग तिथे मांडलेली होती, तिच्यातल्या कडेच्या खुर्चीवर ते बसले. चपला काढल्या. स्वेटर डोक्यावरून ओढून काढला, तेव्हा त्यांचे पांढरे केस उभे राहिले. मग ते पाणी प्यायला लागले, घोट घोट, आई समोर उभी असल्यासारखे. मागे रांग खोळंबली होती. साहेब काहीतरी बोलायला पुढे आले, आणि सुरेशने त्यांना चहाच्या टेबलाकडे नेलं.

"चिन्मयला आजच फोन लाव," आबा म्हणाले. "सांग त्याला, आबा निघाले होते, पण मागून हाक आली. तो समजेल. तोही त्याच आईचा मुलगा आहे."

पेला रिकामा झाला तरी ते उठले नाहीत. माझं लक्ष सवयीने बैठकीकडे गेलं, ती पुढे जराशी उतरती होती. कुणालाही त्या खुर्चीत फार वेळ बसवू नये अशीच मी ती काढली होती. आबा पाय जमिनीला टेकवून, मागे रेलून, बसून राहिले.